सरळ रेषेला पडलेली गाठ

धुळ्याचे माझे मामा चाळीसगावच्या एका शाळेत उभी हयात गणित शिकवून निवृत्त झाले. मी जळगावला वाढले, गणितातच एम.एस्सी. केलं आणि पुढे डिफरन्शियल टोपॉलॉजीकडे वळले. घरच्यांना आम्ही दोघं एकाच विषयातले वाटतो. प्रत्यक्षात आमचं फार थोड्या गोष्टींवर जमतं. मामांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानात श्रीराम अभ्यंकरांची व्याख्यानं ऐकली आणि त्यांचं मत तिथंच पक्कं झालं : जे लिहून दाखवता येतं, ज्याचा ताळा करता येतो, ते गणित. माझं म्हणणं असं की एखादी गोष्ट होऊ शकते का, आणि होत नसेल तर नेमकी कुठं अडते, हे कळणं हेच मोठं काम. ती गोष्ट डोळ्यांना दिसायला मग कितीही वर्षं लागोत.

हा वाद आमच्या दोघांपुरता नाही. इमर्शनच्या, म्हणजे चुणी न पाडता एक आकार दुसऱ्या जागेत बसवण्याच्या, सिद्धांताचा जो इतिहास गेल्या शतकात घडला, त्यात हेच दोन पक्ष पुन्हा पुन्हा समोरासमोर आलेले दिसतात, आणि त्यातला एक धागा मराठी माणसांच्या आणि मुंबई-पुण्याच्या कामातून गेलेला आहे. म्हणून मामांशी झालेलं बोलणं, पाल्हाळ काढून, इथं मांडते.

मामा : मुद्द्याचं बोलू. स्टीफन स्मेलचा निबंध १९५९ साली छापून आला. त्यात म्हणे सिद्ध झालं, की गोलाचा पृष्ठभाग आतली बाजू बाहेर येईल असा उलटा करता येतो. फाडायचा नाही, कुठं चुणी पडू द्यायची नाही. बरोबर?

मी : बरोबर. फक्त एक सवलत आहे. पृष्ठभाग स्वतःमधून आरपार जाऊ शकतो.

मामा : मग राहिलं काय? भिंतीतून जायची मुभा दिली तर कुणीही घराबाहेर पडेल.

मी : तसं वाटतं खरं. पण हीच मुभा प्रतलात दिली तर काम होत नाही. ही वायर घ्या.

(टेबलावर तांब्याची वायर पडली होती. तिचं एक वर्तुळ केलं, दुसऱ्या तुकड्याचा इंग्रजी आठ केला.)

मी : वर्तुळावरून बोट फिरवा. बोट ज्या दिशेला चाललंय ती दिशा एका फेरीत किती वेळा पूर्ण फिरली?

मामा : एकदा.

मी : आता आठावरून.

मामा : अर्ध्या भागात डावीकडे फिरली, उरलेल्या अर्ध्यात उजवीकडे. जमाखर्च शून्य.

मी : हा आकडा पूर्णांक आहे. वायर कशीही सरकवा, स्वतःवरून न्या, फक्त कुठं टोकदार कोपरा येऊ देऊ नका. दिशा हळूहळू बदलते, आणि पूर्णांक हळूहळू बदलू शकत नाही. म्हणून तो आहे तिथंच राहतो. वर्तुळाचा आकडा १. तेच वर्तुळ उलट दिशेनं चालवलं तर वजा १. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होणं नाही. आणि आकडा सारखा असेल तर रूपांतर होतंच, हेही हॅस्लर व्हिटनीनं १९३७ मध्ये सिद्ध केलं. कल्पना ग्राउस्टाइनची, असं त्यानं स्वतः नोंदवून ठेवलंय.

मामा : हे मला मान्य. कारण आकडा काढता आला.

मी : पण या आकड्यामुळंच सगळ्यांची समजूत झाली होती की गोलाचंही असंच असणार, तोही उलटा होणार नाही. स्मेलचं उत्तर ऐकून त्याचे मार्गदर्शक राउल बॉट यांनाही आधी ते पटलं नव्हतं.

मामा : पटणार कसं? स्मेलनं उलटा करून दाखवला नाही.

मी : त्यानं काय केलं ते बघा. गोलाच्या प्रत्येक बिंदूपाशी एक स्पर्श-प्रतल असतं. इमर्शन म्हणजे असं बसवणं, की त्यातलं कोणतंही स्पर्श-प्रतल चेपून रेषा किंवा बिंदू होत नाही. चुणी नाही याचा अर्थ तोच. स्मेल म्हणाला, पृष्ठभाग क्षणभर बाजूला ठेवू. फक्त ती प्रतलं कशी कलतात तेवढी माहिती ठेवू. ती माहिती एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत अखंड नेता आली, तर पृष्ठभागही मागोमाग नेता येतो. हे त्याचं प्रमेय, आणि सगळा जीव यातच आहे. प्रतलातल्या वायरसाठी ही माहिती एका वर्तुळावर राहते, म्हणून फेऱ्या मोजाव्या लागतात. अवकाशातल्या गोलासाठी ती तीन मितींतल्या सगळ्या फिरण्यांच्या समूहात राहते. आणि त्या समूहात ठेवलेला कोणताही गोल आक्रसत नेऊन एका बिंदूत आणता येतो. म्हणजे मोजायला आकडाच उरत नाही. अडसर शून्य.

मामा : अडसर नाही म्हणून वाट आहे, हे तर्काला ठीक. पण वाट?

मी : त्याच वर्षी मॉरिस हर्शनं दाखवलं की हे फक्त गोलापुरतं नाही. कोणताही मॅनिफोल्ड घ्या. बसवायची जागा एका मितीनं जरी मोठी असली तरी हाच न्याय लागतो. एकेका आकाराची वाट शोधत बसलो असतो तर हे कधी हाती आलं असतं?

मामांनी यावर लगेच काही म्हटलं नाही. त्यांनी मॅनिफोल्ड या शब्दाशी घोळ घातला आणि आम्ही थोडे मागे गेलो. जवळून पाहिलं तर सपाट, एकूण आकार मात्र कसाही असू शकेल अशी जागा, एवढं त्यांना पुरलं. अशा जागांच्या भूमितीवरचा दामोदर कोसंबींचा १९३३ चा निबंध मामांना ठाऊक होता. एका जर्मन नियतकालिकात तो छापून आला तेव्हा त्याला जोडून एली कार्तांचं टिपणही आलं होतं. मी म्हटलं, कोसंबींची ती भूमिती एका बिंदूच्या आसपासची होती. व्हिटनीनं १९३६ साली अख्ख्या जागेचा प्रश्न हातात घेतला : कोणताही न मितींचा मॅनिफोल्ड नेहमीच्या युक्लिडी अवकाशात मावतो का? उत्तर आलं, २न+१ मितींत स्वतःला न छेदता मावतो. १९४४ मध्ये त्यानं ते २न वर आणलं, आणि छेदायची मुभा दिली तर, न १ हून मोठा असताना, २न–१. छेदायला मनाई असेल तर एम्बेडिंग, छेदायची मुभा पण चुणीला मनाई असेल तर इमर्शन. पुढची सगळी कथा या दोन अटींतल्या फटीत घडते.

मामा : मला त्या वेर्नर बॉयची गोष्ट जास्त आवडते. हिल्बर्टनं त्याला सांगितलं, प्रक्षेपी प्रतल तीन मितींत असं बसवता येत नाही, हे सिद्ध कर. आणि पोरानं १९०१ मध्ये बसवून दाखवलं! गुरूचं म्हणणं खोडायला त्यानं पृष्ठभागच उभा केला. पहिल्या महायुद्धात गेला बिचारा.

मी : मलाही आवडते. पण बॉय एक होता. तसाच प्रत्येक आकाराला एक बॉय कुठून आणणार?

मामा : अगं, पण स्मेलच्या गोलालाही शेवटी माणसं लागलीच ना? मीही थोडं वाचलंय. आर्नल्ड शापिरोनं वाट शोधली, पण छापली नाही. १९६६ साली अँथनी फिलिप्सनं ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये चित्रं काढून दाखवली, तेव्हा लोकांचा जीव भांड्यात पडला. मग बर्नार्ड मोरँ. लहानपणी, सहाव्या वर्षी दृष्टी गेलेला माणूस, आणि उलटण्याची सर्वांत सोपी वाट त्याला दिसली. त्यावरून चार्ल्स प्यूनं जाळीची मॉडेलं केली, त्यांच्यावरून नेल्सन मॅक्सनं १९७६ च्या सुमारास चित्रपट केला. म्हणजे तुझ्या प्रमेयानंतर वीस वर्षं लोक झटत होते. का? कारण सिद्धता वाचून समाधान झालं नव्हतं.

मी : झटत होते, कारण वाट आहे याची खात्री होती. स्मेलच्या आधी कुणी गोल उलटवायला बसलंच नव्हतं. जी गोष्ट अशक्य वाटते तिच्यामागे वीस वर्षं कोण घालवेल? आणि मोरँचं म्हणाल तर ते माझ्याच बाजूनं जातं. त्यांनी डोळ्यांनी काही पाहिलं नाही. पृष्ठभागाच्या आत-बाहेरची सगळी मांडणी मनात धरली.

मामा : हातांनी धरली. मातीची मॉडेलं चाचपून.

हा मुद्दा मामांचा, आणि तो मी सोडून दिलेला नाही. दृष्टी नसलेल्या माणसाच्या हातांना जे कळलं, त्याला दिसणं म्हणायचं की समजणं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही. मला एवढंच म्हणायचं होतं की समजायची तऱ्हा एकच नसते. त्यासाठी मी विषय बदलला आणि मामांच्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी नेला.

चाळीसगावहून दक्षिणेला, गौताळ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी पाटण आहे. तिथं भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे, इ. स. १२०७ च्या सुमाराचा. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं मठ काढला आणि त्या भागातल्या निकुंभ घराण्याच्या सोइदेवानं त्याला उत्पन्न लावून दिलं. लेख संस्कृतात आहे, पण कुणी काय द्यायचं हे सांगणाऱ्या शेवटच्या ओळी मराठीत आहेत. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. मामांनी किती तुकड्यांना तिथं नेलं असेल त्याची गणती नाही.

मी : मामा, गोलाच्या पृष्ठफळाचं भास्कराचार्य काय सांगतात?

मामा : व्यास गुणिले परिघ. वर्तुळाच्या क्षेत्रफळाची चौपट. चेंडूवर जाळं पसरावं तसं ते पृष्ठफळ असतं, असं लीलावतीत सांगितलंय. आणि गोलाध्यायात लल्लाचं सूत्र खोडून काढलंय. नुसतं चूक म्हटलं नाही, गोलाचे आवळ्याच्या फोडींसारखे काप कल्पून, ज्यांच्या, म्हणजे साइनच्या, कोष्टकावरून बेरीज करून दाखवली.

मी : म्हणजे त्यांनी गोल पृष्ठावरच राहून मोजला. तो अवकाशात कसा ठेवलाय याच्याशी त्या बेरजेला कर्तव्य नाही. आता ऐका. एक मीटर त्रिज्येचा गोल आहे. त्यावरच्या कोणत्याही रेघेची लांबी बदलायची नाही, म्हणजे भास्कराचार्यांचं पृष्ठफळही तसंच राहणार. आणि तो गोल मुठीएवढ्या जागेत ठेवायचा आहे, स्वतःला न छेदता, कुठंही न मोडता.

मामा : अशक्य.

मी : जॉन नॅशनं १९५४ मध्ये आणि नीकोलास काइपरनं १९५५ मध्ये सिद्ध केलं, होतं. प्रत्येक बिंदूला स्पर्श-प्रतल असतं, ते सलग बदलतं. फक्त वक्रता मोजता येत नाही, कारण सुरकुत्यांवर बारीक सुरकुत्या, त्यांच्यावर आणखी बारीक, असं अखंड चालतं. वक्रता मोजता यावी अशी अट घातली की खेळ संपला : मग गोल हलतच नाही, आहे तसाच राहतो. एका अटीनं लवचीक जग ताठर होतं. मिखाईल ग्रोमोव्हनं स्मेल, हर्श, नॅश या सगळ्यांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे हे ओळखलं आणि १९८६ च्या पुस्तकात ते मांडलं. कोणत्या प्रश्नात अडसर फक्त वरवरच्या मोजणीतला असतो आणि कोणत्या प्रश्नात तो आतवर मुरलेला असतो, हे विचारायला त्यानं शिकवलं. मला या विषयाचं वेड लागलं ते यामुळं.

मामा : आणि तो मुठीतला गोल कुणी काढून दाखवला?

मी : सपाट टोरसचं, म्हणजे मधे भोक असलेल्या कड्यासारख्या पृष्ठाचं, तसं चित्र फ्रान्समधल्या एका गटानं २०१२ मध्ये संगणकावर काढलं.

मामा : नॅशनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. हं. आता माझं ऐक. तुझी ही सगळी लवचीक माणसं काय करतात? एका ठिकाणी खेचतात, दुसरीकडे काहीच हलवत नाहीत, मग दोन्ही जोडतात. अभ्यंकरांच्या बहुपदीला हे चालत नाही. तिचा एवढासा तुकडा कळला की अख्खी बहुपदी ठरली. तिला एका जागी दाबलं की ती सगळीकडे हलते. ते ताठर जग, आणि खरं कौशल्य तिथं लागतं.

मी : हे मात्र खरंय.

मामा : १९७५ मध्ये अभ्यंकर आणि टी. टी. मोह यांनी प्रतलातल्या रेषेचं प्रमेय दिलं. जपानात सुझुकींनीही स्वतंत्रपणे काढलं होतं. क्ष या एका चलाच्या दोन बहुपदी घे. त्यांनी रेषा प्रतलात बसवली, कुठं छेद नाही, कुठं टोक नाही, संमिश्र संख्या घेतल्या तरी नाही. तर त्या दोन बहुपदींच्या घातांपैकी एकानं दुसऱ्याला भाग जायलाच हवा. आणि मग त्या रेषेला बहुपदींनीच निर्देशक बदलून सरळ करता येतं, परत यायचं तेही बहुपदींनीच. नववी-दहावीचं बीजगणित, पण किती खोल नेलंय! तुझ्या टोपॉलॉजीत असं आहे काही?

मी : आहे, आणि ते अभ्यंकरांच्याच प्रश्नातून निघालंय. प्रतलात रेषा सरळ होते. तीन मितींत? अभ्यंकरांना शंका होती की तिथं सरळ न होणाऱ्या रेषा असतील. मुंबईच्या अनंत शास्त्रींनी १९९२ साली ‘तोहोकू’ या जपानी नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यांनी सिद्ध केलं की कोणतीही गाठ घ्या, ती बहुपदींनी लिहिता येते. म्हणजे सरळ रेषाच बहुपदींनी अवकाशात अशी न्यायची की मध्ये गाठ पडेल. आणि सगळ्यांत साध्या, तीन छेदांच्या गाठीचं समीकरणही दिलं. लिहून घेता?

मामांनी कोरा कागद ओढला. मी सांगत गेले. पहिला निर्देशक : क्षचा घन वजा ३क्ष. दुसरा : क्षचा चौथा घात वजा क्षच्या वर्गाची चौपट. तिसरा : क्षचा पाचवा घात वजा १०क्ष.

मामा : पहिल्या दोघांचे घात ३ आणि ४. एकानं दुसऱ्याला भाग जात नाही. म्हणजे अभ्यंकर-मोह सांगतात, प्रतलात ही रेषा स्वतःला छेदणार. बघू.

पुढचा अर्धा तास ते कागदाशी बोलत होते. तो हिशेब मी इथं देते, कारण तो कुणालाही करता येईल. क्षच्या दोन वेगळ्या किमती, म्हणू अ आणि ब, प्रतलात एकाच बिंदूवर येत असतील तर पहिल्या निर्देशकावरून अ² + अब + ब² = ३. दुसऱ्यावरून, एक तर अ = –ब, नाहीतर अ² + ब² = ४. पहिली शक्यता घेतली तर अ² = ३, म्हणजे ३ चं वर्गमूळ, धन आणि ऋण : एक जोडी, आणि दोन्ही किमती (०, –३) या बिंदूवर येतात. दुसरी घेतली तर अब = –१, आणि त्यातून आणखी दोन जोड्या. एकूण तीन छेद. टोक कुठं आहे का, हेही त्यांनी पाहिलं : पहिल्या निर्देशकाचा बदलाचा दर क्ष = १ आणि –१ ला शून्य होतो, तिथं दुसऱ्याचा होत नाही. म्हणजे प्रतलातली ही आकृती इमर्शन आहे, एम्बेडिंग नाही.

मग तिसरा निर्देशक. दोन किमतींमधला उंचीचा फरक म्हणजे (अ–ब) गुणिले एक पदावली : अ⁴ + अ³ब + अ²ब² + अब³ + ब⁴ – १०. पहिल्या जोडीला पदावलीची किंमत ९ – १०, म्हणजे –१. उरलेल्या दोन जोड्यांना १४ – ४ + १ – १०, म्हणजे ११ – १० = १. कुठंच शून्य नाही. रेषा स्वतःला शिवत नाही.

मामा : थांब. उजवी-डावी नव्हे, वर-खाली बघायचंय. रेषेवरून चालत गेलं तर छेद कोणत्या क्रमानं येतात? वजा १.९३ ला खालून, वजा १.७३ ला वरून, वजा ०.५२ ला खालून, ०.५२ ला वरून, १.७३ ला खालून, १.९३ ला वरून. एकदा खालून, एकदा वरून, बरोबर आलटून पालटून. ही गाठच आहे!

मी : आणि आता मला सांगा, तिसऱ्या निर्देशकात १० च का?

मामा कागदाकडे पाहत राहिले आणि मग एकदम म्हणाले :

मामा : नऊ आणि अकरा. दहा त्यांच्या मध्ये आहे म्हणून! बारा घेतले असते तर दोन्ही किमती ऋण आल्या असत्या. म्हणजे प्रत्येक छेदात नंतरची फेरी खालूनच. मग ती गाठ नाही, नुसती उतरत जाणारी रेघ. आठ घेतले तर दोन्ही धन. तरी गाठ नाही.

मी : म्हणजे साडेनऊ घ्या, दहा घ्या, पावणेअकरा घ्या, गाठ तीच. ९ आणि ११ या दोनच ठिकाणी रेषा स्वतःला छेदते, आणि तेवढ्यानं गाठ पडते किंवा सुटते. मामा, हा आकडा तुम्ही काढलात. पण मधले सगळे आकडे एकच, हे म्हणणं माझ्याकडचं आहे.

मामा : असू दे. पण ही गाठ बहुपदींनी सुटणार नाही, हे नक्की ना?

मी : वास्तव संख्यांत नाही सुटणार. निर्देशक कसेही बदलले तरी गाठीच्या भोवतालची जागा सरळ रेषेच्या भोवतालच्या जागेसारखी होत नाही. बहुपदींचा प्रश्न होता, पण उत्तर टोपॉलॉजीनं दिलं. अशा बहुपदी गाठींवर पुढे पुण्याच्या आयसरमध्ये रमा मिश्रांनी पुष्कळ काम केलंय.

मामा : आणि संमिश्र संख्यांत? अभ्यंकरांचा प्रश्न तिथला.

मी : तिथं गंमत आहे. तुमचा हिशेब संमिश्र संख्यांनाही जसाच्या तसा लागू पडतो. छेदांच्या जोड्या त्याच तीन, आणि अडचण फक्त ९ आणि ११ ला. पण वास्तव रेषेवर १० वरून १२ ला जायचं तर ११ वाटेत येतो. संमिश्र प्रतलात ११ ला वळसा घालून जाता येतं. म्हणजे गाठ असलेली रेषा गाठ नसलेल्या रेषेपर्यंत सरकवता येते, आणि वाटेत ती एकदाही स्वतःला शिवत नाही. टोपॉलॉजीचा अडसर विरघळला.

मामा : म्हणजे ती सरळ होते?

मी : कशानं सरळ करायची यावर आहे. अनंत पदांच्या श्रेणी चालत असतील तर होते, हे १९९२ मध्येच शुलीम कालिमन यांनी दाखवलं. मिती वाढवून दिली तरी होते : चार मितींत कोणतीही अशी रेषा बहुपदींनी सरळ होते, हे क्रेगेरोनं १९८६ मध्ये दाखवलं. आणि टाटा इन्स्टिट्यूटच्या व्ही. श्रीनिवास यांनी १९९१ मध्ये त्याचं खूप व्यापक रूप दिलं : ज्या गुळगुळीत बीजगणिती आकाराची मिती ड, त्याची २ड+२ मितींतली सगळी एम्बेडिंग्ज बहुपदींच्या दृष्टीनं एकच. व्हिटनीच्या आकड्याची आठवण होते की नाही?

मामा : होते. जागा ऐसपैस दिली की तुमचं लवचीक जग बीजगणितातही शिरतं.

मी : त्याच संस्थेतल्या सी. पी. रामानुजम यांनी १९७१ मध्ये असंच काही पाहिलं होतं. त्यांनी एक बीजगणिती पृष्ठ शोधलं, बिंदूपर्यंत आक्रसणारं, तरीही संमिश्र प्रतलाहून वेगळं. त्याला आणखी एक संमिश्र मिती जोडली की टोपॉलॉजीला दिसणारा वेगळेपणा नाहीसा होतो, आणि ते सिद्ध करायला स्मेलचंच एक प्रमेय लागतं.

मामा : पण आपल्या रेषेला चार मिती नाहीत. तीनच आहेत, आणि बहुपदीच वापरायच्या आहेत. तिथं काय?

मी : तिथं प्रश्न सुटलेला नाही. तुमच्या हातातल्या कागदावरची रेषा संमिश्र तीन मितींत बहुपदींनी सरळ होते का, हा शास्त्रींनी विचारलेला प्रश्न तसाच आहे. टोपॉलॉजी म्हणते, माझी काही हरकत नाही. पण इथं स्मेलसारखं म्हणता येत नाही, की अडसर नाही म्हणजे वाट आहे. ते तत्त्व या जगात चालेल याची हमी कुणी दिलेली नाही.

मामा : म्हणजे सरळ होत असेल तर कुणीतरी तीन बहुपदी लिहून दाखवाव्या लागतील, आणि परत आणणाऱ्या तीन.

मी : आणि होत नसेल तर एखादा नवा अडसर शोधावा लागेल. तोही बहुपदींतच मुरलेला, आमच्या मोजणीत न सापडणारा.

मामा : बारावाली रेषा घेऊन बघायला हवी. तिला वास्तव संख्यांत गाठ नाही, तेव्हा ती आधी सरळ होते का बघू. पहिल्या दोघांचे घात ३ आणि ४. त्यांच्या गुणाकारांतून ६, ७, ८ घात मिळतात, ५ काही मिळत नाही, म्हणून तिसरा निर्देशक सरळसोट खोडता येत नाही. आधी घात वाढवावे लागतील, मग कमी होतील का ते बघायचं.

मी : आणि मी ९ आणि ११ भोवतीचे वळसे बघते. ११ भोवती एक पूर्ण फेरी मारून १० वर परत आलं, तर रेषा तीच राहते, पण भोवतालच्या जागेचं काय होतं?

मामा : त्यातून समीकरण निघणार आहे का?

मी : नाही. समीकरण कुठं शोधायचं नाही, ते कदाचित कळेल.

मामांना हे पटलेलं नाही. त्यांनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला १० च्या जागी १२ घालून तिन्ही बहुपदी पुन्हा लिहिल्या.